मॅकेव्हॉयच्या नावाची स्प्रिंट बॅच: तलाव बरा, विश्रांतीत काटकसर

मालवण ते वेंगुर्ला पट्ट्यातल्या एका रिसॉर्टच्या तलावावर या उन्हाळ्यात सहा आठवड्यांची ‘५० मीटर स्प्रिंट बॅच’ चालली. फलकावर ऑस्ट्रेलियन जलतरणपटू कॅमरन मॅकेव्हॉयचा फोटो, खाली एकच ओळ: ‘कमी पोहा, जोरात पोहा’. फी साडेचार हजार. आठवड्यातून तीन संध्याकाळी, सव्वा तास. बारा मुलं, एक प्रशिक्षक, एक मदतनीस. तलावाचं नाव देत नाही, कारण अशा बॅचेस आता बऱ्याच ठिकाणी निघतात आणि बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं.

आधी फोटोतल्या माणसाबद्दल, कारण गिऱ्हाईक त्याच्या नावावर येतं. मॅकेव्हॉय १९९४ चा, ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टचा. मूळचा १०० मीटरवाला. २०१५ च्या कझान जागतिक स्पर्धेत त्याला १०० मीटर फ्रीस्टाइलचं रौप्य मिळालं. २०१६ च्या ऑस्ट्रेलियन निवड स्पर्धेत तो ४७.०४ सेकंदांत पोहला. वेग वाढवणाऱ्या अंगभर रबरी पोशाखांवर बंदी आल्यानंतर तोवर कुणीच इतक्या वेगात १०० मीटर पोहलं नव्हतं. चार महिन्यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये मात्र तो सातवा आला, आणि सुवर्ण नेलं त्याच्याच देशाच्या १८ वर्षांच्या काईल चाल्मर्सने. टोकियोत तर वैयक्तिक अंतिम फेरीही हुकली. त्यानंतर गडी बराच काळ तलावापासून लांब राहिला, कडे चढायला लागला, व्यायामाचे दुसरे प्रकार शिकला.

परतला तो फक्त ५० मीटरसाठी. आठवड्याला तीसेक किलोमीटर पोहणारा हा माणूस टिम लेन या प्रशिक्षकाबरोबर दोन-तीन किलोमीटरवर आला. २०२३ मध्ये फुकुओकात २१.०६ सेकंदांत जगज्जेता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत ०.०१ सेकंदाने सुवर्ण गेलं. त्या वेगात एवढा वेळ अंतरात मोजला तर बोटाचं एक पेर. ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला २१.२५ मध्ये सुवर्ण, ब्रिटनचा बेन प्राउड ०.०५ ने मागे, म्हणजे पंजाच्या रुंदीएवढा. पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिंपिक सुवर्ण त्याआधी एकाही ऑस्ट्रेलियनाला मिळालं नव्हतं. २०२५ मध्ये सिंगापूरला २१.१४ नोंदवून तो पुन्हा जगज्जेता झाला.

या कारकिर्दीतून फलक रंगवणाऱ्याने ‘कमी पोहा’ तेवढं उचललं. पण काढून टाकलेल्या सत्तावीस किलोमीटरच्या जागी काय आलं? जड वजनं, अगदी छोट्या अंतराच्या पूर्ण वेगाच्या फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये भरपूर बसणं. यातलं बसणं वगळलं की उरतं ते नेहमीचंच दमवणारं पोहणं, फक्त थोडं कमी.

कारण साधं आहे. पूर्ण जोर लावला की पहिल्या आठ-दहा सेकंदांत स्नायू आपल्या आत साठवलेलं तयार इंधन जाळतात. हे इंधन अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरून येतं, पण टाकी जवळजवळ पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी पोराला पुन्हा सोडलं तर हात तेवढ्याच जोरात फिरल्यासारखे दिसतात, पण पाणी धरत नाहीत. अंगाला सवय लागते ती दमलेल्या, घसरत्या हाताची.

आता या बॅचचा दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस पाहा. ३०० मीटर अंग मोकळं करणं. मग २५ मीटरच्या आठ फेऱ्या पूर्ण वेगात, दर मिनिटाला एक. मग दोर बांधून चार फेऱ्या. शेवटी वीस मिनिटं काठावर प्लँक, उठाबशा आणि उड्या. दर मिनिटाला एक फेरी म्हणजे पंधरा सेकंद पोहणं आणि पाऊण मिनिट भिंतीला धरून धापा टाकणं. ज्याची पहिली फेरी साडेचौदा सेकंदांची, त्याची चौथी सोळाच्या पुढे जाते, आणि आठवीला तो काय करतो त्याला स्प्रिंट म्हणणं धाडसाचं आहे. कान पकडून सांगावं असं हे की वेग पडला की फेरी बंद करायची. पहिल्या फेरीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला, तर त्या दिवसाचं वेगाचं काम संपलं.

गंमत म्हणजे उपाय या बॅचच्या आकड्यांतच आहे. तीन लेन, लेनमागे चार मुलं. प्रशिक्षक चौघांना दहा-दहा सेकंदांनी पाठोपाठ सोडतो आणि मग चौघं एकदमच थांबतात. त्याऐवजी लेनमधून दर मिनिटाला एकच मूल सोडलं, तर प्रत्येकाची पाळी चार मिनिटांनी येते आणि पावणेचार मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. तिन्ही लेनमधली एकेक मुलं एकाच शिटीवर सुटली की दर मिनिटाला शर्यतही होते. चाळीस मिनिटांत प्रत्येकाच्या दहा फेऱ्या, अडीचशे मीटर, सगळ्या खऱ्या वेगाच्या. जास्तीचा खर्च शून्य.

मग कुणी असं का करत नाही? काठावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत पालक बसलेले असतात. ‘पोरगो पेवता कमी नि बसता जास्ती’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की प्रशिक्षक घाबरतो आणि विश्रांती कापतो. पहिल्याच दिवशी पालकांना पाच मिनिटं समजावलं असतं तर हा प्रश्न निम्मा सुटला असता.

दोराबद्दल जरा तपशिलात, कारण बॅचमधली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात धोकादायक वस्तू तीच. कमरेला पट्टा, पट्ट्याला रबरी नळीचा दोर, दुसरं टोक शिडीच्या दांड्याला. दोराविरुद्ध पोहलं की ओढ वाढते. दोर ताणून लांबून परत पोहलं की तो मुलाला त्याच्या स्वतःच्या वेगापेक्षा जास्त वेगाने खेचतो. दुसरा प्रकार जपून वापरायचा. दोर फार जोरात खेचतो तेव्हा हात पाणी न धरताच मागे जातात, मूल नुसतं बाहुलीसारखं घसटत येतं. स्वतःच्या वेगापेक्षा थोडीशीच जास्त ओढ पुरे. रबरी दोर एकच असल्याने उरलेल्या दोन लेनना मासेमारीची नायलॉन दोरी बांधली होती. ती रबरासारखी ताणत नाही. मूल टोकाला पोचलं की कमरेला हिसका बसतो, तोही पाठीचा खालचा भाग वाकलेला असताना. नायलॉन दोरीला या कामात जागा नाही.

रबराचा शत्रू ऊन, क्लोरीन आणि आपली खारी हवा. दोर शिडीवरच लटकत ठेवला तर एका उन्हाळ्यात संपतो. तपासायचा कसा? मधला भाग बघून उपयोग नाही. पोलादी कड्याजवळचा वीतभर तुकडा दोन्ही हातांनी ताणा. ताणल्यावर बारीक आडव्या भेगा उघडल्या, किंवा रंग उडून पांढरट चट्टा दिसला, तर दोर त्याच दिवशी फेकायचा. तुटलेला दोर थेट पोहणाऱ्याच्या पाठीवर नाहीतर काठावरच्या माणसाच्या डोळ्यावर येतो. या बॅचच्या दोराला कड्यापाशी अशा भेगा होत्या आणि कडंही गंजलेलं होतं. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यात धुणं, सावलीत सुकवणं, टाल्कम पावडर लावून पिशवीत ठेवणं, एवढंच काम, पण ते रोजचं. पट्ट्याच्या वेल्क्रोत वाळू भरते, ती जुन्या टूथब्रशने काढायची. नाहीतर पट्टा ऐन जोरात सुटतो.

सुरुवातीच्या उडीकडे लक्ष दिलं, याचे गुण द्यायला हवेत. ५० मीटरच्या शर्यतीत पाण्याखालून जास्तीत जास्त १५ मीटर जाता येतं आणि निम्मी लढाई तिथेच लागते. तलावाची उथळ बाजू १.२ मीटर. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे उडीच्या ठोकळ्यापुढे किमान १.३५ मीटर खोली लागते, म्हणून इथे उड्या फक्त खोल बाजूने घेतल्या. हे अगदी बरोबर. ठोकळा नसल्याने काठावरूनच, एक पाय पुढे एक मागे. पण पाय घसरू नये म्हणून टाइल्सवर काथ्याचं पायपुसणं टाकलं होतं. ओलं झालं की तेच टाइलवरून सरकतं. जिन्याच्या पायऱ्यांना लावतात तशी खरखरीत चिकटपट्टी लावली तर काम कायमचं होतं.

तंत्राच्या बाबतीत इथल्या मुलांची अडचण वेगळी आहे. विहिरीत नाहीतर खाडीत शिकलेलं मूल पाण्याला भीत नाही, पण डोकं वर ठेवून पोहतं, कारण समोरची होडी, खडक, काठ दिसायला हवा. डोकं वर गेलं की कंबर बुडते आणि अंग पाण्यात नांगरासारखं ओढलं जातं. वेग वाढला की पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लांबच्या पोहण्यात खपून जाणारी ही सवय स्प्रिंटमध्ये महागात पडते. प्रशिक्षकाने डोकं खाली आणायला नाकासमोरचा स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, वापरला, आणि तो चाललाही. पॅडल्स, म्हणजे पंजाला बांधायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या, मात्र मोठ्यांचीच होती. मुलांच्या पंजापेक्षा बोटभर मोठं पॅडल पुरे. ताटाएवढं घेतलं की आठवड्याभरात खांदा कुरकुरतो.

एक गोष्ट ताबडतोब थांबवायला हवी. ‘५० मीटर श्वास न घेता मारतात’ म्हणून मुलांना पाठोपाठ २५ मीटर श्वास रोखून पोहायला लावलं, तेही आधी जोरजोरात दहा श्वास घेऊन. असे श्वास घेतल्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घ्यायची इशारा-घंटाच उशिरा वाजते. मूल तोवर पाण्यात बेशुद्ध पडू शकतं. श्वास कमी करायचाच तर एका दिवसात दोन-तीनच फेऱ्या, मध्ये पूर्ण विश्रांती, आधी साधे दोन-तीन श्वास, आणि काठावर नजर त्या एकाच मुलावर.

काठावरच्या वीस मिनिटांच्या प्लँक-उड्यांनी घाम निघतो, ताकद येत नाही. ताकदीला वजन जास्त आणि आवर्तनं कमी लागतात: सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना बारवरचे पुल-अप, तीन ते पाच आवर्तनं, मध्ये तीन मिनिटं. सहज पाच निघाले की कमरेला पाच किलो. लहान मुलांना अंगाचंच वजन पुष्कळ. रिसॉर्टमध्ये बार नव्हता, पण माडाच्या दोन खांबांवर लोखंडी नळी बसवायला सुताराला अर्धा दिवस लागतो.

वेळ मोजायला हातघड्याळ वापरलं. बोटाने दाबलेल्या घड्याळात ०.२ सेकंद इकडे-तिकडे सहज होतात, आणि सहा आठवड्यांतली सुधारणा कधी कधी तेवढीच असते. मोबाइल तिकाटण्यावर ठेवून १५ मीटरच्या खुणेसमोरून सेकंदाला ६० चित्रांनी चित्रण केलं तर ०.०२ सेकंदापर्यंत नेमकं कळतं. खूण म्हणून लेनच्या दोरीला लाल चिंधी बांधायची.

पाणी स्वच्छ होतं, क्लोरीनचा भपका नव्हता. मे महिन्याच्या संध्याकाळी पाणी गरम लागतं, त्याला इलाज नाही. पण विश्रांतीला सावली हवी. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, उन्हात बसलेलं मूल बसल्या बसल्याच थकतं. कपडे बदलायच्या खोल्या ठीक. पार्किंगला जागा आहे.

ही बॅच चौदाच्या पुढच्या, २५ मीटर फ्रीस्टाइल न थांबता नीट जमणाऱ्या मुलांसाठी. नवशिक्यांनी इथे पैसे घालवू नयेत. चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत तीन-पाच किलोमीटरला उतरणाऱ्यांना तर याचा उपयोग नाहीच. त्यांना किलोमीटरच हवेत, आणि मॅकेव्हॉयनेही त्यांना तेच सांगितलं असतं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात. पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ काठावर जाऊन बसा आणि कुठल्याही एका मुलावर नजर ठेवून त्याच्या पूर्ण वेगाच्या दोन फेऱ्यांमधला वेळ मोजा. साडेतीन मिनिटांच्या वर भरला तर फी द्या. आणि निघताना शिडीपाशी थांबून कड्याजवळचा दोर एकदा ताणून बघा.