पणजीचं नाव शोधताना : जुन्या नोंदींचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातलं, पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. गेल्या पावसाळ्यापासून मी घराण्याचे जुने कागद शोधतेय. आमच्याकडे बहुतेक लोक जातीच्या दाखल्यासाठी रेकॉर्ड काढतात आणि हवी ती नोंद मिळाली की थांबतात. मला माझ्या पणजीचं नाव हवं होतं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. ‘पिलेगात गेली’, एवढंच ऐकत आले.

सुरुवात ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरून केली. ज्या सात जिल्ह्यांपासून ते सुरू झालं त्यांत अमरावती आणि अकोला होते, हे आमचं नशीब. तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडला की जुने सातबारे, फेरफार घरबसल्या दिसतात. पणजोबांचा फेरफार दुसऱ्याच संध्याकाळी सापडला. पण जमिनीचा कागद बाप्यांच्या मागे चालतो. अमुक वल्द तमुक, त्याचे वारस मुलगे, संपलं. तीन पिढ्या मिळाल्या आणि त्यांत एकही बाई नाही.

म्हणून कोतवाल पंजीकडे वळले. नव्या शोधकांना माझं सांगणं आहे की विदर्भात सगळ्यात मोलाचा कागद हाच. गावातला जन्म-मृत्यू कोतवाल कळवायचा आणि त्याची नोंद या वहीत व्हायची. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं व्हायच्या आधीच ती लिहिली जायची. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, इतकंच. त्यामुळे आजोबांचं नाव धरून शोधाल तर हाती काही लागणार नाही, पणजोबांचं नाव धरून शोधा. मौजाही नीट बघा. खुर्द-बुद्रुकच्या घोळात माझा एक महिना गेला. नकलेच्या अर्जात नेमकं साल हवं, हे एका कार्यालयातल्या तीन खेपांनंतर कळलं. पहिल्याच खेपेला कुणी सांगितलं असतं तर माझ्या दोन सुट्ट्या वाचल्या असत्या.

नक्कल हातात आली ती मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि हात न उचलता लिहिलेलं, त्यामुळे एकाच शब्दाचे चार शब्द होतात. इथे तालुक्याच्या इतिहास मंडळाने तारलं. मंडळ म्हणजे दर रविवारी वाचनालयात बसणारी सहा-सात माणसं. त्यांतले एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात. त्यांनी मला आयतं वाचून दिलं नाही, आधी मुळाक्षरं गिरवायला लावली. तेव्हा राग आला होता. आज त्यांचे उपकार वाटतात, कारण ते पान मी स्वतः वाचलं.

1918 चा नोव्हेंबर. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तांबूस. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. त्याच्याही खाली ताप. एकाच घरातल्या तीन ओळी लागोपाठ. मधल्या ओळीत पणजोबांचं नाव आणि त्याआधी ‘जौजे’, म्हणजे अमक्याची बायको. वय 26. तिचं नाव तिथेही नव्हतं. तो प्लेग नव्हताच, ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ होती. मध्यप्रांत आणि वऱ्हाड या साथीत देशात सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी. गुरुजींनी चष्मा काढून ठेवला, आणि आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

गल्लीतल्या नव्वदीच्या आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “काऊन वं बाई, आता आठोन झाली का तुले तिची? तुह्या आजोबानं त्र्यंबकले लिवून ठेवलं असन ना!” हे घरच्या कुणालाच सुचलं नव्हतं. त्र्यंबकेश्वरचे तीर्थपुरोहित आडनाव आणि गावावरून वह्या ठेवतात. आमच्या गावाची वही कोणत्या घरी आहे ते विचारत दिवाळीनंतर गेले. वहीत आजोबांच्या हातची बाळबोध सही होती, आणि वर आईच्या रकान्यात तिचं नाव. चार अक्षरांचं. मी त्यावर बोट ठेवून बसले होते.

पैशाचं म्हणाल तर नकलांपेक्षा एसटीवर जास्त गेले. नुसतं संकेतस्थळ वापरून थांबणार असाल तर जमिनीचा इतिहास मिळेल, माणसांचा नाही. मंडळात जा, आणि मोडीची भीती धरू नका. राज्याचं पुराभिलेख खातंही मोडीचे वर्ग घेतं. पण या सगळ्याच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कागद अजून दहा वर्षं टिकतील. मी त्या आजींकडे आठ महिने आधी जायला हवं होतं.

पुरोहितांच्या वहीत पणजीचं माहेरही आहे, अकोट तालुक्यातलं. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की तिकडची कोतवाल पंजी मागायची आहे. या खेपेला अर्जात साल लिहून ठेवलंय : 1892, एक वर्ष अलीकडे, एक पलीकडे.