फ्रेमवरचा स्टिकर आणि १,४५० युरो: लिगुरियात भाड्याच्या सायकलीवरून झालेली फसवणूक

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर सायकल चालवायला जाण्याचे बेत आता आपल्याकडच्या सायकल गटांतही होऊ लागले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझे १,४५० युरो गेले. बँकेने ९७.४० रुपयांच्या दराने त्याचे १,४१,२३० रुपये केले, त्यावर साडेतीन टक्के परकीय चलन शुल्काचे ४,९४३.०५ रुपये आणि त्या शुल्कावरच्या जीएसटीचे ८८९.७५ रुपये लावले, आणि एकूण १,४७,०६२.८० रुपये माझ्या क्रेडिट कार्डाच्या बिलात आले. ज्या नुकसानीची ही भरपाई म्हणून घेतली गेली, ते नुकसान मी केलेले नाही. ते दाखवणारा फोटोही माझ्याकडे आहे, पण तो नीट पाहायची तयारी आजवर एकाही कार्यालयाने दाखवलेली नाही.

आम्ही दोघे, म्हणजे मी आणि माझे यजमान, सायकलीच्या बाबतीत नवखे नाही. सिंहगड आणि खंबाटकी आमच्या पायांना ओळखीचे आहेत. सानरेमोच्या परिसरात जायचे ते मिलान-सानरेमो शर्यतीच्या रस्त्यासाठी, हे बऱ्याच वर्षांपासून मनात होते. ही शर्यत १९०७ पासून चालू आहे. तिचा शेवटचा भाग समुद्राला लागून जाणाऱ्या ऑरेलिया रस्त्यावरून जातो, आणि त्यात आधी कापो मेले, कापो चेर्वो आणि कापो बेर्ता ही तीन भूशिरे ओलांडावी लागतात. मग चिप्रेसाचा ५.६ किलोमीटरचा चढ येतो, जो १९८२ मध्ये मार्गात घेतला गेला, आणि शेवटी पोज्जो, ३.७ किलोमीटरचा, जो १९६० पासून आहे. चढ फार तीव्र नाहीत. पण एका हाताला दगडी बांधांच्या पायऱ्यांवर ऑलिव्हची झाडे, दुसऱ्या हाताला खाली निळा समुद्र, आणि वळणावळणांचा अरुंद उतार, हे सगळे चांगल्या सायकलीवरच अनुभवावे असे वाटत होते. स्वतःच्या सायकली खोक्यात भरून विमानाने नेण्याचा खर्च आणि धास्ती दोन्ही टाळण्यासाठी आम्ही तिथेच भाड्याने घेण्याचे ठरवले. हा निर्णय चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही, कारण तिथे येणारे पुष्कळ परदेशी सायकलस्वार हेच करतात.

दुकान किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात होते. स्वच्छ, नीटनेटके, भिंतीवर शर्यतींचे जुने फोटो. आठवड्याचे भाडे प्रत्येकी २९० युरो, दोघांचे मिळून ५८०. शिवाय माझ्या कार्डावर १,००० युरो अनामत म्हणून रोखून ठेवले आणि माझा पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट देऊ नये हे ज्ञान मला आता सगळे शिकवतात. मीही तेव्हा विचारले होते, आणि इथे सगळे असेच ठेवतात, असे उत्तर मिळाले होते. कृपया लक्षात ठेवा: आपला पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि दुकानदाराकडे तो गहाण ठेवण्याची गरज नाही. छायाप्रत द्या. तेवढ्यावर भागत नसेल तर त्या दुकानातून बाहेर पडा.

करार इटालियनमध्ये होता आणि त्यावर दोन ठिकाणी सह्या घेतल्या. दुसरी सही कशासाठी, हे मला नंतर मिलानला राहणाऱ्या भाच्याने समजावले. इटलीच्या दिवाणी संहितेच्या कलम १३४१ प्रमाणे, समोरच्याला जाचक ठरणाऱ्या छापील अटींना वेगळी लेखी संमती लागते. म्हणजे जिथे दुसऱ्यांदा सही मागतात, तिथेच कराराचे दात असतात. माझ्या करारात त्या सहीच्या वर, सायकल निर्दोष अवस्थेत मिळाली आणि पुढे आढळणारे प्रत्येक नुकसान माझे, असे लिहिलेले होते. दुसरी सही करण्याआधी तो मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा, मागे कितीही लोक खोळंबलेले असोत.

आता त्या स्टिकरविषयी. दोन्ही सायकली एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, कार्बन फ्रेमच्या होत्या. यजमानांच्या सायकलीवर दुकानाच्या नावाचा काळा स्टिकर वरच्या आडव्या नळीवर होता, बसल्यावर समोर दिसेल असा. माझ्या सायकलीवर तो डाउनट्यूबच्या, म्हणजे हँडलपासून पेडलकडे तिरप्या उतरणाऱ्या नळीच्या, खालच्या बाजूला, पेडलच्या सांध्याजवळ, जमिनीकडे तोंड करून चिकटवलेला होता. यजमानांच्या स्टिकरच्या कडा धुळीने पांढुरक्या झाल्या होत्या, आणि माझ्यावरचा कोरा करकरीत होता, कडेला कुठे बोट अडकत नव्हते. मी वाकून पाहिला, त्यावरून बोटही फिरवले, आणि "हा इथे खाली का?" असे विचारलेसुद्धा. खडी उडते, म्हणून संरक्षणासाठी, असे दुकानदार म्हणाला. मला ते पटले, कारण कार्बनच्या फ्रेमला खालून अशी पट्टी लावणारे आपल्याकडेही आहेत. पण दुकानाची जाहिरात कोणी जमिनीला दाखवत नाही, आणि खडीपासूनचे संरक्षण दोन सायकलींपैकी एकीलाच देत नाही. हे दोन विचार त्या क्षणी एकत्र यायला हवे होते. ते आले नाहीत, आणि त्या चार बोटांच्या काळ्या कागदाने मला दीड लाखाला बुडवले. सायकल ताब्यात घेताना माणूस ब्रेक, गिअर, टायर पाहतो. मी ते सगळे पाहिले, व्हिडिओ काढला, दोन्ही चाकांचे रिम फिरवून पाहिले. आणखी काय करायला हवे होते?

करायला हवे ते सांगते. स्टिकर असेल तर तो काढून दाखवायला सांगा. फ्रेम उलटी करून डाउनट्यूब, साखळीकडची मागची नळी आणि सीटपोस्टचा (सीट ज्या दांड्यावर बसते त्याचा) सांधा यांचे जवळून फोटो काढा, तेही दुकानाच्या आत, दुकानदार चौकटीत दिसेल असे.

चिप्रेसाच्या उतारावर माझे मागचे चाक पंक्चर झाले. रस्त्याकडेच्या दगडी बांधाला टेकून यजमानांनी सायकल उलटी केली आणि मी ट्यूब बदलत असताना सहज फोटो काढले. त्यातल्या एका फोटोत तो स्टिकर स्पष्ट दिसतो: अखंड, सपाट, कुठेही ओरखडा नाही. पुढे परतीपर्यंत तो तसाच होता. हाच माझा पुरावा आहे, आणि तो समजायला सायकलीचे विशेष ज्ञान लागत नाही.

सायकली परत केल्या त्या संध्याकाळी. आमची जेनोव्हाकडे जाणारी गाडी तासाभरात होती, हे दुकानदाराला ठाऊक होते, कारण वेळ त्यानेच विचारून घेतली होती. यजमानांची सायकल त्याने पाहिलीसुद्धा नाही. माझी मात्र थेट स्टँडवर टांगली, कापडाने खालून पुसली, आणि अंगठ्याच्या नखाने तो स्टिकर एका झटक्यात सोलून काढला. खाली केसाएवढी बारीक, दोन बोटे लांब रेघ होती. मग त्याने नाण्याने फ्रेमवर टकटक करून दाखवले: इथे आवाज कणखर, इथे बद्द. फ्रेम गेली, १,४५० युरो. मी म्हटले, दगड लागून फ्रेम तडकली असेल तर वरचा स्टिकर फाटला कसा नाही? याला त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि त्याने ते दिलेही नाही. त्याने फक्त सही करण्यासाठी कागद पुढे केला आणि माझा पासपोर्ट खणात ठेवून खण बंद केला.

भाच्याला फोन लावला तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "मावशी, सही करू नकोस, पिन तर अजिबात टाकू नकोस, आधी पासपोर्ट घे." पासपोर्ट मिळेना, म्हणूनच तर सही झाली. दुसऱ्या दिवशी विमान होते. परक्या देशात पासपोर्टशिवाय अडकण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले, असे त्या वेळी आम्हा दोघांनाही वाटले, आणि आमच्या जागी असता तर तुम्हालाही तसेच वाटले असते. अनामत रकमेतून वळते करा म्हटले, तर ती रक्कम वेगळी, हा व्यवहार वेगळा, असे सांगून त्याने मशीन पुढे केले. पावती मागितली तेव्हा मशीनची चिठ्ठी दिली. दुरुस्तीचा अंदाजपत्रक कागद नाही, बिल नाही, तडकलेली फ्रेम दाखवीन असे आश्वासनही नाही. पुढे तीन आठवडे ते १,००० युरोही कार्डावर अडकून होते, ते वेगळेच. आणि एक गोष्ट: पैसे घेऊन रीतसर पावती न देणाऱ्याबद्दल इटलीत ११७ क्रमांकावर, करचुकवेगिरीचा तपास करणाऱ्या दलाकडे, कळवता येते. हे मला तेव्हा माहीत असते तर मी त्याच्यासमोरच फोन लावला असता.

गाडी चुकलीच होती, म्हणून तडक पोलीस ठाण्यात गेलो. फाटक बंद होते. भिंतीतल्या इंटरकॉमवरून कोणीतरी सकाळी या म्हणाले. सकाळी आठला गेलो. समोरच्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला नाही, करार पाहिला. सही तुमचीच ना? हो. पिन तुम्हीच टाकला ना? हो. मग ही दिवाणी बाब आहे. भाचा फोनवरून समजावत होता की पासपोर्ट अडकवून सही घेतली आहे, आधीची तड लपवून पैसे उकळले आहेत, त्यामुळे हा इटलीच्या दंडसंहितेच्या कलम ६४० खालील फसवणुकीचा प्रकार आहे. अधिकारी म्हणाला, वकील करा. फिर्याद लिहून घ्या एवढीच आमची मागणी होती, तीही त्याने मान्य केली नाही. आपल्या देशाच्या परदेशातल्या कार्यालयाला लिहिले, तर खासगी व्यवहारात आम्ही पडत नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. पासपोर्ट अडकवला गेला, हा मुद्दा त्या दोन ओळींत नव्हताच. युरोपीय ग्राहक केंद्रांचे जाळे सीमेपलीकडच्या तक्रारी सोडवते, पण ते युरोपीय संघातल्या रहिवाशांसाठी आहे. भारतातून आलेल्या माणसाने कोणत्या दारात उभे राहायचे?

बँकेचे तर विचारू नका. ग्राहक सेवेतल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून कहाणी सांगायची, प्रत्येकाने कागद पुन्हा मागायचे, आणि शेवटी एकच वाक्य ऐकवायचे: व्यवहार चिप आणि पिनने झालेला असल्याने अधिकृत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातले संरक्षण अनधिकृत व्यवहारांना आहे, हे मलाही कळते. पण दबावाखाली टाकलेला पिन आणि खुशीने टाकलेला पिन यांत बँकेला काहीच फरक दिसू नये? सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावरही फोन केला, तिथे हे सायबर प्रकरण नव्हे असे सांगितले. एकाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवायचे, आणि ज्याने फसवले तो आपल्या दुकानात निवांत बसून पुढचे गिऱ्हाईक पाहतो आहे. नुकसानभरपाईसाठी पिन टाकू नका, हे मी आता ज्याला त्याला सांगते. अनामतीतून परस्पर कापले तर निदान भांडायला जागा उरते.

कायदा माझ्या बाजूने आहे, म्हणून मी हे सोडलेले नाही. इटलीच्या २००५ च्या ग्राहक संहितेप्रमाणे ग्राहकावर लादलेली अन्यायकारक अट सही असली तरी टिकत नाही. १०,००० युरोंपर्यंतचे असे दावे तिथल्या स्थानिक शांतता न्यायाधीशापुढे चालतात. फसवणुकीची फिर्याद तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, ही मुदत कोणीही आपणहून सांगत नाही, आणि ती परदेशातल्या इटालियन वकिलातीमार्फतही देता येते. मी मुदतीत दिली आहे. फोटो, करार, मशीनची चिठ्ठी आणि भाच्याने केलेले इटालियन निवेदन सोबत जोडले आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही अर्ज केला आहे. त्या किनाऱ्यावर ज्यांनी सायकल भाड्याने घेतली असेल, त्यांनी आपले जुने फोटो मोठे करून पाहावेत. डाउनट्यूबच्या खाली तसाच काळा स्टिकर किंवा ती दोन बोटांची रेघ दिसली, तर मला मूळ फोटो तारखेसह पाठवावा, कारण तीच फ्रेम आधी कोणाच्या तरी माथी मारली गेली असेल, तर माझ्या फिर्यादीला त्याहून भक्कम आधार मिळणार नाही.