फ्रेंच शब्द शोधायचा कुठे? बडोद्यातल्या शिकणाऱ्यांसाठी साधनांची तुलना

बडोद्यात फ्रेंचच्या मागे लागलेली माणसं साधारण तीन तऱ्हेची भेटतात. अलकापुरी-फतेहगंजकडच्या क्लासांत कॅनडात स्थायिक व्हायची तयारी करणारे. सयाजीराव विद्यापीठात फ्रेंच विषय घेतलेले. आणि मुलीकडे पॅरिसला राहायला निघालेले दांडिया बाजारातले काका-काकू, ज्यांना दुकानात नि बसमध्ये चार वाक्यं बोलता आली की झालं. तिघांच्याही डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, आणि तिघांच्याही फोनमध्ये गुगल ट्रान्सलेट असतं. ते पुरेल का, की दुसरं काही घ्यावं, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. उत्तर तिघांसाठी तीन आहेत.

इंग्रजी शब्दाला फ्रेंच प्रतिशब्द आजकाल कोणतंही साधन देतं, त्यामुळे ‘भाषांतर बरोबर येतं का’ एवढंच पाहून निवड होत नाही. तो शब्द कोण, कोणाला आणि कुठे म्हणतं, हे कळतं का? मी सगळी साधनं याच कसोटीवर लावली आहेत. (फ्रेंच शब्द इथे देवनागरीत ढोबळ उच्चाराने लिहिलेत. यावरून उच्चार पाठ करू नका, ऐकूनच घ्या.)

तू, तुम्ही आणि मधली इंग्रजी

मराठी माणसाची एक गंमत आहे. फ्रेंचमधल्या ‘त्यु’ आणि ‘वू’ची त्याला शिकवणी लागत नाही. मित्राला तू, अनोळखी माणसाला तुम्ही, हे आपल्याकडे आहेच. शेजारच्या गुजराती घरातही ‘तुं’ आणि ‘तमे’ आहे. हा भेद सगळ्यांना सारखाच बुचकळ्यात टाकतो तो इंग्रजीतून जाताना, कारण तिथे सगळ्यांना एकच ‘यू’.

‘तू कधी आलीस?’ या वाक्यात दोन गोष्टी आहेत: समोरची व्यक्ती जवळची आहे आणि ती बाई आहे. फ्रेंचमध्येही या दोन्ही गोष्टी लिहिताना दिसतात. ‘त्यु’ येतो, आणि ‘आरिव्हे’ या क्रियापदाच्या रूपाला स्त्रीलिंगाचं एक जादा अक्षर लागतं. पण मधे ‘व्हेन डिड यू कम’ आलं की दोन्ही गळतात. मग यंत्र अंदाज बांधतं. मराठीतून थेट फ्रेंच मागितलं तरी यंत्रं बहुधा इंग्रजीचा थांबा घेतच पुढे जातात, म्हणून तो मार्गही भरवशाचा नाही. ‘मला आनंद झाला’ म्हणणारा पुरुष ‘कोंताँ’ असतो आणि बाई ‘कोंताँत’. हा फरक तर बोलतानाही ऐकू येतो.

कॅनडावाल्यांसाठी हे व्याकरणाच्या कोपऱ्यातलं प्रकरण नाही. कॅनडासाठी चालणाऱ्या, पॅरिसच्या वाणिज्य मंडळाच्या टीईएफ या फ्रेंचच्या परीक्षेत बोलण्याचे दोन भाग असतात. पहिल्यात अनोळखी माणसाला प्रश्न विचारून माहिती काढायची, म्हणजे ‘वू’. दुसऱ्यात मित्राला एखादी गोष्ट पटवायची, म्हणजे ‘त्यु’. इंग्रजीतून वाक्यं भाषांतर करून पाठ केलेला उमेदवार दुसऱ्या भागातही ‘वू’ धरून बसतो, आणि मित्राशी बोलतोय की बँक मॅनेजरशी, असं वाटू लागतं.

या कसोटीवर गुगल आणि डीपएल हे दुसरं भाषांतर करणारं साधन, दोन्ही अर्धीमुर्धीच उतरतात. सुटे शब्द टाकले तर पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशी दोन्ही रूपं दाखवण्याची सोय गुगलने २०१८ च्या अखेरीस फ्रेंचसाठी सुरू केली, ती उपयोगी आहे. डीपएलमध्ये आलेल्या वाक्यातल्या शब्दावर टिचकी मारली की पर्याय उघडतात. पण कोणता पर्याय कधी वापरायचा, हे दोघंही सांगत नाहीत.

सुटा शब्द: वर्डरेफरन्स पुढे

१९९९ पासून चाललेलं वर्डरेफरन्स हे ऑनलाइन कोशाचं संकेतस्थळ दिसायला जुनाट आहे, जाहिरातीही मधे येतात. तरी एकच साधन ठेवायचं म्हटलं तर मी हेच ठेवीन. एका इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ तिथे वेगळे केलेले असतात, प्रत्येकासमोर छोटा खुलासा, फ्रेंच शब्दाचं लिंग, तो घरगुती आहे की औपचारिक याची खूण आणि दोन्ही भाषांतलं एकेक वाक्य. आपल्याला हवा तो अर्थ आपण निवडायचा, आणि निवडताना तो डोक्यात बसतो. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतले पर्याय शेजारी-शेजारी देणारा मोठा कोश १९३१ मध्ये निघाला होता. पर्याय समोर मांडून मग निवडायचा, ही शिस्त या गावाला नवी नाही.

‘ॲक्च्युअली’ घ्या. आपल्या बोलण्यात हा शब्द पोह्यांतल्या शेंगदाण्यासारखा जागोजागी येतो. फ्रेंचमध्ये त्याच्यासारखा दिसणारा ‘आक्त्युएलमाँ’ आहे, पण त्याचा अर्थ ‘सध्या’. ‘खरं तर’ला ‘आँ फेत’. ‘लायब्ररी’सारखा दिसणारा ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय हवं तर ‘बिब्लिओतेक’. ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे शेवटी, पण ‘एव्हाँत्युएलमाँ’ म्हणजे झालंच तर, कदाचित. अशा जोड्यांवर पूर्ण वाक्य दिलं तर यंत्र आता सहसा चुकत नाही, चुकतात ती माणसं, परीक्षेच्या खोलीत, फोन बाहेर ठेवल्यावर. म्हणून तयार भाषांतर वाचण्यापेक्षा कोशातले अर्थ चाळणं विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडतं.

बोलण्यातली छोटी वाक्यं

मागचं-पुढचं काहीही न देता दोन-तीन शब्दांचं वाक्य टाकलं, तर यंत्राला धरायला काही नसतं. जेवून झाल्यावरचं ‘आय ॲम फुल’ शब्दाला शब्द ठेवून म्हटलं तर होतं ‘ज स्वी प्लेन’. हे गाभण जनावराबद्दल बोलतात, किंवा टाइट झालेल्या माणसाबद्दल. यजमानीणबाईंना ‘जे ब्याँ माँजे’, छान जेवले, एवढं म्हणावं. ‘आय ॲम एक्सायटेड’चं ‘एक्सिते’ बऱ्याचदा शृंगारिक ऐकू येतं. सहलीची वाट बघत असाल तर ‘जे आत’ म्हणा. ‘आय मिस यू’ला फ्रेंच वाक्य उलटं फिरतं, ‘त्यु म माँक’. मिस करणारा कर्ता नसतोच, ज्याची उणीव भासते तो कर्ता. ‘तुझी उणीव भासते’ हे मराठीही असंच बाजूने येतं, इंग्रजीच मधे आडवी उभी आहे. ‘जे फँ’ म्हणजे शब्दशः ‘मला भूक आहे’. इथेही मराठीला काही नवं वाटत नाही.

म्हणी आणि वाक्प्रचारांसाठी रिव्हर्सो काँटेक्स्ट आणि लिंग्वी या दोघांची तुलना करण्यासारखी आहे. दोन्ही तयार भाषांतरांतून वाक्यांच्या जोड्या शोधून दाखवतात. रिव्हर्सोकडे सिनेमांच्या सबटायटल्सचा भरणा मोठा, म्हणून बोली भाषा तिथे सापडते. लिंग्वीवर युरोपीय संस्थांचे कागद भरपूर, त्यामुळे अर्ज-पत्र लिहिणाऱ्याला ती बरी. फार महाग वस्तूला इंग्रज हात-पाय मोजतो, फ्रेंच माणूस म्हणतो ‘कूत ले-झ्य द ला तेत’, डोक्यातले डोळे काढून द्यावे लागतील इतकी किंमत. कधीच न होणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत डुकरं उडतात, फ्रेंचमध्ये कोंबड्यांना दात येतात. सबटायटल्स लिहिणारे मात्र जागा कमी म्हणून अर्थ कापतात, वाकवतात. एखादा वाक्प्रचार पाच-सहा वेगवेगळ्या उताऱ्यांत दिसला तरच उचलावा.

मॉन्ट्रियलला जाणार असाल तर

वरची बहुतेक साधनं, वेगळं सांगितलं नाही तर, फ्रान्सची फ्रेंच देतात. परीक्षेला ती पुरते. फ्रेंचच्या चारही कौशल्यांत एनसीएलसी या कॅनडाच्या मोजपट्टीवर ७ वी पातळी गाठणाऱ्याला एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे स्थायिक होणाऱ्यांना गुणांवर निवडण्याच्या कॅनडाच्या पद्धतीत, इंग्रजीच्या पातळीप्रमाणे २५ किंवा ५० जादा गुण मिळतात, आणि २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्याही होतात. पण क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्यात आहे त्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, उतरल्यावर घोळ सुरू होतो तो जेवणापासून. पॅरिसमध्ये सकाळचं ‘पती देज्यने’, दुपारचं ‘देज्यने’, रात्रीचं ‘दिने’. क्युबेकमध्ये सकाळीच ‘देज्यने’, दुपारी ‘दिने’, रात्री ‘सुपे’. तिथे कोणी ‘दिने’ला बोलावलं आणि तुम्ही संध्याकाळी पोचलात, तर भांडी घासूनही झालेली असतील.

फ्रान्समध्ये सर्रास ‘विकेंड’ म्हणतात, क्युबेकमध्ये ‘फँ द समेन’. फ्रान्समध्ये ‘पार्किंग’, क्युबेकमध्ये ‘स्तास्यॉनमाँ’. पाट्यांवर फ्रान्समध्ये ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं, क्युबेकमध्ये ‘आरे’. खरेदीला जाणं म्हणजे क्युबेकमध्ये ‘मागाझिने’. ‘कुरिएल’ हा ईमेलसाठीचा शब्द क्युबेकमध्ये रुळलेला होता, फ्रान्सच्या सरकारने तो २००३ मध्ये अधिकृत केला, तरी पॅरिसचे लोक ‘मेल’च म्हणतात. सगळ्यात मजा ‘यू आर वेलकम’ची. फ्रान्समध्ये ‘द रियँ’ किंवा ‘ज वू-झाँ प्री’, क्युबेकमध्ये सरळ ‘ब्यँव्हन्यु’. फ्रान्समधल्या शिक्षकाने ही चूक म्हणून खोडली तरी मॉन्ट्रियलच्या दुकानात तुम्हाला तेच ऐकू येईल.

यासाठी क्युबेकच्या भाषा कार्यालयाचं ‘व्हित्रीन लँग्विस्तीक’ हे मोफत संकेतस्थळ बघावं. हे कार्यालय १९६१ पासून काम करतंय. मजकूर बहुतांश फ्रेंचमध्येच असल्यामुळे पहिल्या काही महिन्यांत ते जड जातं. मध्यम पातळी गाठल्यावर उघडा.

उरलेले दोन

छापील कोशांबद्दल थोडक्यात: कॉलिन्स-रोबेर हा जाडजूड द्विभाषिक कोश १९७८ पासून आहे आणि अजूनही उत्तम आहे. एम.ए. करणाऱ्याने किंवा भाषांतराचं काम घेणाऱ्याने जरूर बाळगावा. बाकीच्यांनी ग्रंथालयात चाळला तरी चालेल.

चॅटजीपीटीसारख्या साधनांची बाजू वेगळी. माझ्या कसोटीवर, म्हणजे कोण-कोणाला-कुठे यावर, ती सगळ्यांच्या पुढे जातात, कारण परिस्थिती आपण सांगू शकतो, तीही मराठीत: ‘मी बाई आहे, मैत्रिणीशी बोलतेय, क्युबेकमध्ये.’ पण चुकीचं उत्तरही ती त्याच ठामपणे देतात. एखादा वाक्प्रचार अस्तित्वातच नसला तरी आहे म्हणून सांगतात. तिथून घेतलेला प्रत्येक नवा शब्द कोशात ताडून पाहायची सवय नसेल, तर त्यांच्या नादी लागू नये.

तर काका-काकूंना गुगल पुरे. निघण्याआधी फ्रेंच भाषा फोनमध्ये उतरवून घ्यावी, म्हणजे नेट नसतानाही चालेल, आणि मेन्यूकार्डावर कॅमेरा धरता येईल. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने वर्डरेफरन्स आणि लिंग्वी धरावं, डीपएलपासून निबंध लिहून होईपर्यंत लांब राहावं. त्याचा परिच्छेद इतका गुळगुळीत येतो की आपलं काय चुकत होतं ते कळतच नाही. कॅनडावाल्याने शब्दांसाठी वर्डरेफरन्स, बोलीसाठी रिव्हर्सो, आणि स्वतः लिहिलेलं पत्र शेवटी तपासायला डीपएल ठेवावं.

पैसे भरायचे का? डीपएलच्या सशुल्क आवृत्तीत ‘त्यु’ हवं की ‘वू’ ते ठरवता येतं, आणि रोज पत्रव्यवहार करणाऱ्या ऑफिसला ते परवडेल. विद्यार्थ्याने तेवढेच पैसे बोलण्याच्या सरावाच्या तासांवर घालावेत, मग ते इथल्या क्लासात असोत की अहमदाबादच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत.