वेगवान रॅम की दुसरी रॅम?

‘मामा, दुकानदार म्हणतो ५६००च्या वेगाची रॅम टाका, गेम पळेल. घेऊ?’ लॅमिंग्टन रोडवरून भाच्याचा फोन. म्हटलं, आधी घरी ये. डोंबिवलीला आल्यावर लॅपटॉपचा टास्क मॅनेजर उघडायला लावला. मेमरीच्या पानावर दिसलं: १६ जीबी, वेग ४८०० (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद), रॅमच्या दोनपैकी एकच स्लॉट वापरात. अर्धा निकाल तिथेच लागला.

ती एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, काढून ५६००ची लावली, तर कागदावर दर सेकंदाला ३८.४ जीबीचे ४४.८ होतात. कागदावरच, कारण त्याचा आय-सेव्हन १२७००एच प्रोसेसर ४८००च्या वर जात नाही. ५६००ची स्टिकही तिथे ४८००नेच चालणार. उलट जुनी राहू देऊन शेजारी ४८००चीच दुसरी बसवली, तर ड्युअल चॅनल होऊन, म्हणजे दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा जाऊन, ७६.८. दोन्हीकडे विकत एकेकच स्टिक घ्यायची.

दोन्ही स्लॉट भरलेले असतील तर? रायझन ७८४०एचएससारखा प्रोसेसर ५६०० घेतो. पण ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. सेटिंग्ज चढवून खेळणाऱ्याचं घोडं कार्डापाशी अडतं, रॅमपाशी नाही. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये सेटिंग्ज उतरवून जास्तीत जास्त फ्रेम काढणाऱ्याला थोडा फरक दिसेल. त्यासाठी दोन चालत्या स्टिक काढून टाकायच्या? मी नाही टाकणार. शिवाय सीएल (लेबलवरचा, रॅम प्रतिसादाला किती ठोके घेते तो आकडा) पाहिला, तर ४८०० सीएल ४०ला प्रतिसादाला १६.७ नॅनोसेकंद लागतात, ५६०० सीएल ४६ला १६.४. म्हणजे तिथे जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

वेगळं कार्डच नसेल तर मात्र माझं मत उलटं. तिथे ग्राफिक्सही याच रॅममधून जागा घेतं, त्यामुळे प्रोसेसर घेईल तितका वेग द्यावा, आणि दोन स्टिकमध्येच.

डीडीआर४च्या, म्हणजे आधीच्या पिढीच्या रॅमच्या, लॅपटॉपमध्ये डीडीआर५ (वरचे सगळे आकडे हिचेच) बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की असते. तिथे विषयच संपला.

भाच्याने दुसरी १६चीच घेतली. दुकानात जाताना जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि डीडीआर५मध्ये ८ जीबीची स्वस्त पडते म्हणून उचलू नका. तिच्यात बहुधा कमी चिप असतात आणि त्याच वेगाच्या १६च्या स्टिकपेक्षा ती जरा मागेच राहते.