फेरेटवाल्यांनो, एडिसनजवळचं हे क्लिनिक बघा

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येतंच.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास कुत्र्यामांजरांचे दवाखाने पावलापावलावर आहेत, पण फेरेट (मुंगसासारखा लांबुडका, मांस खाणारा पाळीव प्राणी) म्हटलं की फोनवरची मुलगी होल्डवर टाकते ती टाकतेच. या क्लिनिकमध्ये फक्त ससे, पक्षी, सरडे आणि फेरेट. वेटिंग रूममध्ये भुंकणारं कोणी नाही, हेच आधी मोठं सुख.

आमच्याकडे दोन फेरेट आहेत, चिवडा आणि चकली. (हट्ट लेकीचा, नावं माझी.) पाच वर्षांचा चिवडा खेळता खेळता थबकायचा, भिंतीकडे एकटक बघायचा, लाळ गाळायचा, स्वतःच्या तोंडावर पंजे मारायचा. कधी मागचे पाय लुळे पडायचे. पोटात चार घास गेले की पुन्हा हुंदडायला मोकळा. आधीच्या एका दवाखान्यात 'वय झालं' म्हणून आमची बोळवण झाली होती. इथल्या डॉक्टरबाईंनी फोनवरचा व्हिडिओ बघताक्षणी साखर तपासायला सांगितलं. तेही फक्त तीन-चार तास उपाशी ठेवून, कारण फेरेटचं पोट तेवढ्यात रिकामं होतं आणि रात्रभर उपाशी ठेवणं धोक्याचं. माझे सासरे मधुमेही, त्यामुळे घरात ग्लुकोमीटर आहे. मी तो आणू का विचारलं, तर म्हणाल्या, माणसांचं मशीन फेरेटची साखर खरी असते त्यापेक्षा कमी दाखवतं. त्यांच्या मशीनवर ५२ आली. ७०च्या खाली गेली की संशय घ्यायचा. निदान: इन्सुलिनोमा. स्वादुपिंडात बारीक गाठी होतात, त्या नको इतकं इन्सुलिन सोडतात.

ऑपरेशन की औषध, दोन्हींचे फायदेतोटे त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितले, घाई केली नाही. आम्ही प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडचं औषध निवडलं. औषधाने गाठी जात नाहीत, साखर सावरते, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं. मनुका आणि गोड ट्रीट बंद, मांसाचं खाणं दिवसभर समोर. झटका आला तर मध हिरड्यांना चोळायचा, शुद्धीवर आला की लगेच मांसाहारी खाणं द्यायचं आणि त्यांना फोन करायचा. आकडी चालू असताना तोंडात बोट घालायचं नाही, कापसाची काडी वापरायची. मधाची बाटली आता देवघराशेजारी असते, सासूबाईंना वाटतं पंचामृतासाठी.

चकलीचं दुखणं वेगळं. शेपटीचे केस गेले, मग पाठीचे, आणि खाजवणं थांबेना. ही मूत्रपिंडाजवळच्या, हार्मोन तयार करणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीची भानगड. अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक पिल्लं फार लहानपणीच नसबंदी केलेली असतात, त्याचा याच्याशी संबंध लावतात. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं डेस्लोरेलिनचं (हार्मोन आवरणाऱ्या औषधाचं) इम्प्लांट बसवलं. काही आठवड्यांत लव फुटायला लागली. नर फेरेटला हाच आजार झाला तर प्रोस्टेट सुजून लघवी अडकू शकते, तेव्हा तो कुंथताना दिसला तर सकाळची वाट बघू नका, असं त्यांनी चिवड्यासाठी बजावून ठेवलंय.

रिसेप्शनवर पहिला प्रश्न असतो, घरी कुणाला फ्लू आहे का? मला आधी हा अमेरिकन आगाऊपणा वाटला. पण माणसाचा फ्लू फेरेटला खरंच होतो. १९३३ साली लंडनमध्ये फ्लूचा विषाणू फेरेटच्या मदतीनेच वेगळा करता आला. आता घरात कुणी शिंकलं की लेक मास्क हातात ठेवते.

कापलेला तारा रात्रीचा. सातनंतर इथे कोणी नाही. फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज दूरच्या चोवीस तासांच्या हॉस्पिटलचा नंबर देतो, आणि तिथे रात्री फेरेट बघणारं कुणी असेलच असं नाही. चप्पलेचा रबर, खोडरबर, इअरफोनचं बोंडूक गिळून आतडं तुंबणं हा फेरेटचा नेहमीचा उद्योग आणि असलं रात्रीच घडतं. उलट्या, काळी शी, अन्नाला तोंड न लावणं दिसलं की थांबायची सोय नसते. त्या हॉस्पिटलला दिवसाउजेडीच फोन करून विचारून ठेवा.

फी कमी नाही. तपासणीचे ९५ डॉलर, रक्त वेगळं. पार्किंग मागच्या बाजूला. साखर तपासायची असेल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि येताना त्याचं खाणं डब्यात घेऊन या, रक्त काढून झालं की ते तिथेच त्याला भरवू देतात.