शेअर्सचा हिशेब: एक्सेल की कॅप टेबल सॉफ्टवेअर?

कॅप टेबल म्हणजे कंपनीत कोणाचे किती शेअर्स, याचा तक्ता. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेलची प्रायव्हेट लिमिटेड, भागधारक तिघे भाऊ आणि एक मेहुणा. इथे एक्सेल पुरतं; सीएंनाही तेच बरं वाटतं.

घोळ होतो बाहेरचा पैसा आला की. समजा १०,००० शेअर्स आहेत आणि गुंतवणूकदाराला नवे २,५०० दिले. थोरल्याचे ४,००० तेवढेच राहतात, पण वाटा ४० वरून ३२ टक्क्यांवर येतो. त्यात ईसॉप (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात शेअर्स घेण्याचा हक्क) आले की ‘फायनल’, ‘फायनल २’ अशा फायली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. सॉफ्टवेअर हे गणित आपोआप मांडतं, कोणी कधी काय बदललं तेही दाखवतं. वर्षाची फी मात्र टोचते. शिवाय नवे शेअर्स दिल्यावर पीएएस-३ (शेअर वाटपाची माहिती कंपनी निबंधकाला देणारा फॉर्म) भरणं काही चुकत नाही.

ईसॉप नसतील तर मी एक्सेलच ठेवीन, फाइल मात्र एकाच्याच हातात.