वसंतातली पहिली अस्वल-शिकार: मोंटानाचे उतार की आयडाहोचं मचाण?

अमेरिकेत राहून हरणाची शिकार शिकलेल्या आणि आता वसंतात काळ्या अस्वलासाठी डोंगरात जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तिकडे मात्र काही राज्यांत हा हंगाम कायद्याने चालतो आणि कायद्यानेच आवळलेला असतो. कोलोरॅडोने १९९२ साली मतदानाने वसंताचा हंगाम बंद केला, वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव आयोगाने २०२२ मध्ये. ऑरेगॉनात सोडतीत नाव लागावं लागतं. ब्रिटिश कोलंबियात अस्वलं भरपूर आहेत, पण बाहेरदेशीच्या शिकाऱ्याला गाइडशिवाय जाता येत नाही आणि गाइडचा खर्च पहिल्या खेपेला जड जातो. मोंटाना आणि आयडाहोत तसं नाही. दोन्हीकडे हंगाम एप्रिलच्या मध्याला उघडतो, आणि दुसऱ्या राज्यातल्या माणसालाही बहुतेक भागांसाठी सोडतीविना टॅग (एक जनावर मारायचा परवाना) मिळतो.

दोघांतला मोठा फरक पद्धतीचा. मोंटानात आमिष टाकायला पूर्ण बंदी आहे. आयडाहोत बऱ्याच भागांत वेगळा परवाना घेऊन आमिष टाकता येतं आणि जवळच्या मचाणावर बसता येतं. कुत्र्यांच्या साहाय्याने शिकारही काही ठिकाणी चालते, पण नवख्याने त्यात पडू नये. कुत्री दुसऱ्याची असतात आणि निर्णय घाईत होतात.

एक नियम मात्र दोन्हीकडे सारखा: पिल्लं सोबत असलेली मादी मारायची नाही. माझ्या मते निवड इथेच ठरते. बार टाकण्याआधी समोरचं जनावर नीट पाहायला, ओळखायला तुम्हाला कुठे जास्त वेळ मिळेल? खर्च, अंतर, यशाची शक्यता हे सगळं त्याच्या नंतर.

मोंटानातला दिवस बहुतेक बसण्यात जातो. माथ्यावर बर्फ असतो, आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर कोवळं गवत आधी फुटतं. गुहेतून बाहेर आलेलं अस्वल गुरासारखं त्या गवतावर चरतं. हिमस्खलनाने झाडं झोपवलेल्या घळी आणि लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवर उगवलेलं क्लोव्हर या त्याच्या ठरलेल्या जागा. समोरच्या सोंडेवर बसायचं, १० बाय ४२ची दुर्बीण ट्रायपॉडवर लावायची आणि एकेक हिरवा पट्टा पुन्हा पुन्हा चाळायचा. दुपारी चारपर्यंत रिकामा दिसलेला उतार सहा वाजता रिकामा नसतो. अस्वल दिसलं की खरं काम सुरू होतं. दिवसा तापलेल्या उतारावर वारा वर चढतो, ऊन गेलं की खाली उतरतो. अस्वलाचं नाक इतकं तिखट आहे की वाऱ्याची ही पलटी चुकली तर मधली दरी ओलांडण्याचे कष्ट वाया गेलेच म्हणून समजा.

शिवाय मोंटानाच्या पश्चिम भागात ग्रिझली, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाची जात, आहे. अलास्का सोडून खालच्या राज्यांत १९७५ पासून तिला संरक्षण आहे. म्हणून मोंटाना राज्य अस्वल ओळखण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय काळ्या अस्वलाचा परवानाच देत नाही. रंगावर जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी, दालचिनी रंगाचं, अगदी पिवळसरही असतं. खांद्यावरचं मांसल उंचवट्याचं कुबड, कपाळापासून नाकापर्यंत खोलगट चेहरा, आखूड गोल कान आणि पुढच्या पायांची लांब नखं ही ग्रिझलीची लक्षणं एकत्र पाहायची. यातलं एखादं लक्षण आहे की नाही हे नीट कळेना, तर रायफल खांद्याला लावायची नाही.

आता आयडाहोचं मचाण. आडव्या-उभ्या पिंपाभोवती आमिष असतं. रस्ता, पायवाट किंवा पाणी यांच्यापासून २०० यार्डांच्या आत ते टाकता येत नाही. अस्वल पिंपाजवळ येतं तेव्हा त्याचा आकार कळायला आयती मोजपट्टी मिळते. उभ्या पिंपाची उंची साधारण तीन फूट. चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ पिंपाच्या कडेला टेकत असेल तर ते भरलेलं जनावर आहे. अंतर वीस-तीस यार्डांचं, अस्वल खाण्यात गुंतलेलं, आणि तुम्हाला सावकाश पाहता येतं. मादीने पिल्लं मागे झाडावर चढवून ठेवलेली असू शकतात, तेही वाट पाहिली की उघड होतं. समोरच्या उतारावर तीनशे यार्डांवरून गवतात लपलेलं पिल्लू सुटू शकतं.

आमिषाची शिकार सोपी आणि हलकी, असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. चुकीचं जनावर न मारणं हे ज्यांना सर्वांत महत्त्वाचं वाटतं, त्यांनी मचाणाला नाक मुरडू नये. मात्र डोंगर, वारा, अस्वलाचा दिनक्रम यातलं मचाणावर फार थोडं शिकायला मिळतं, हेही खरं.

म्हणून माझा सल्ला असा. एकटे जाणार असाल किंवा सोबत्यालाही अस्वलाचा अनुभव नसेल, तर मध्य आयडाहोत, ग्रिझलीच्या ठाण्यांपासून दूर, माहीतगार माणसाच्या मचाणावर जा. सोबतीला दहा-बारा हंगाम काढलेला माणूस असेल आणि हात हलवत परतायची तयारी असेल, तर मोंटाना घ्या. मी स्वतः मोंटानाच निवडेन, कारण मला तो उतार वाचायला आवडतो. वेळ मेच्या पूर्वार्धाची धरा. नर आधी बाहेर पडतात, नवी पिल्लं असलेली मादी सगळ्यांत शेवटी, त्यामुळे लवकर गेलं तर चूक व्हायचा धोका कमी असतो. कातडंही तोवर दाट असतं, नंतर घासून विरळ होतं. अडचण इतकीच की बर्फामुळे बरेच जंगलरस्ते बंद असतात आणि ओढे भरून वाहतात.

एच-वन बी व्हिसावर असणाऱ्यांनी आधी हे वाचावं. अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला संघीय कायद्याची बंदी आहे, पण राज्याचा वैध शिकार-परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. वकिलाशी एकदा बोलून घ्या. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

बार कुठे टाकायचा यावर दोनच वाक्यं. अस्वल आडवं उभं राहून जवळचा पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबा. चरबी आणि दाट केस रक्त शोषून घेतात, रक्ताचा माग फारसा मिळत नाही, म्हणून दुसऱ्या बाराची तयारी ठेवा.

मांसाचं सांगायचं तर, आयडाहोचा कायदा अस्वलाचं मांस उचलायची सक्ती करत नाही. तरी उचलाच, गवतावर चरलेल्या अस्वलाचं मांस उत्तम लागतं. पण ते पूर्ण शिजवणं अटळ आहे. २०२२ मध्ये एका कुटुंबाच्या स्नेहमेळाव्यात सुमारे ४५ दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेल्या अस्वलाच्या मांसाचे कबाब केले. मांस आतून कच्चं राहिलं आणि सहा जणांना ट्रिकिनेला या जंतूची बाधा झाली. त्यातल्या दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता, फक्त त्याच्याबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. थंड प्रदेशातला हा जंतू गोठवून मरत नाही. मांसाच्या आत तापमापक खुपसून ७४ अंश सेल्सिअस आल्याची खात्री करा, आणि घरातल्या शाकाहारी मंडळींसाठी भांडं, चमचा, सुरी सगळं वेगळं ठेवा.